बॅटरीच्या पाण्यातलं लुगडं

सक्करदरा, नागपूर
२४ सप्टेंबर

मोनाली,

जयभीम. जयभीम सगळ्यांले असते म्हणून लिहिला, माहा राग गेला असं समजू नको. दोन वर्षं झाले मी तुह्याशी बोलली नाही अन् आजही बोलून राहिली नाही. हे लिहून राहिली. त्यात फरक आहे.

काल पहाटे नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं. माह्या घरी गुडघाभर, विहारात कमरेएवढं. माणसं सगळे ठीक आहे. गहू गेला, गादी गेली, टीव्ही गेला, ते गेलं तर गेलं. पण विहारातली पत्र्याची पेटी पुरा दिवस पाण्याखाली होती. आज उघडली तर आत गाळ, अन् गाळात आईचं लुगडं.

तुह्या आजीनं छप्पन साली दीक्षेले नेसलेलं लुगडं. मी तवा तिच्या पोटात होती, म्हणजे मीही त्या लुगड्याच्या आतच होती असं म्हण. दर विजयादशमीले ते विहारात काचेच्या पेटीत लागते, अन् त्याच्या आधी मी ते धुते, सोडा घालून, नीळ देऊन. पुऱ्या वस्तीत तेवढं पांढरं दुसरं काही नसते. चौतीस वर्षं दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काढले मी. रक्त, पू, आयोडीन, सगळ्यांची जिरवली. चिखलाची काय बिशाद.

टँकरच्या पाण्यानं टब भरला, सोड्याचा पुडा फोडला, अन् हात थांबला. तू जातानी चारचौघात म्हणली होती ना, "आत्या, तू हे धुऊन धुऊन मारून टाकलं." तेच कानात वाजलं. हात थांबला याचाच मले जास्त राग आला.

आता लुगडं ओलं पडलं आहे, वास मारून राहिलं, अन् मी त्याच्यापाशी बसली आहे. तू दिल्लीच्या म्युझियममध्ये जुन्या कपड्यांची डॉक्टरीण ना, तर सांग काय करू. भाषण नको, काम सांग.

तुह्या वर्गातला संघपाल आता विहार कमिटीचा सेक्रेटरी आहे. तो या पत्राचा मोबाईलवर फोटो काढून तुले पाठवते. डाकेनं पाठवलं तर उत्तर येईस्तोवर बुरशी चढीन, अन् त्याचंही खापर माह्याच डोक्यावर फुटीन.

सिंधू
(खाली "तुही आत्या" लिहायचं का नाही, ते उत्तर पाहून ठरवते.)


२५ सप्टेंबर

मोनाली,

तुहे आवाजाचे मेसेज मी ऐकले नाही. संघपालनं ते माह्या ओट्यावर बसून मोठ्यानं लावले, त्याले मी काय करू. कानाले काही झाकण नसते.

घासू नको, साबण नको, पिळू नको, ऊन नको. येवढं ऐकेपर्यंत मी दात आवळून होती. मंग तू म्हणली, स्वच्छ पाण्याची सोय होईस्तोवर लुगडं फ्रीजरमध्ये ठेव, गोठवलं की बुरशी थांबते. मी संघपालले म्हटलं, पुन्हा लाव. त्यानं पुन्हा लावलं. तीच गोष्ट. मी म्हटलं, लुगडं काय मटार आहे का गा? तो म्हणते, "काकू, ती एवढी शिकली आहे, ऐकून तर पाहा."

आता वस्तीत कोणाचा फ्रीज चालू आहे? सगळ्यांचे अंगणात उलथे पडले आहे. मंग आठवली पिंकी, हुडकेश्वरले आइसक्रीमचं पार्लर टाकलं ती. तिकडं पाणीच नाही शिरलं. तुनं सांगतलं तसं लुगडं धुतलेल्या चादरीवर सरकवलं, चादरीसकट गुंडाळलं, वरून प्लास्टिक. अन् संघपालच्या गाडीवर मांडीवर घेऊन बसली. त्याची हिंगण्याच्या कंपनीत दुसरी शिफ्ट होती, तरी आला पोट्टा. नऊ वारी लुगडं ओलं असलं की काय वजन असते तुले माहीत आहे. पाणी टपकून राहिलं, माही साडी भिजून राहिली, लोक पाहून राहिले. म्हाळगीनगरच्या चौकात हवालदारानं अडवलं. "मावशी, काय आहे त्याच्यात?" माह्या तोंडून निघून गेलं, "माही आई आहे."

त्याचा चेहरा असा पडला का काय सांगू. संघपालनं उतरून त्याले पुरं समजावलं, तरी तो प्लास्टिककडे पाहतच होता. जाऊ दिलं बिचाऱ्यानं. तिथून पिंकीच्या दुकानापर्यंत संघपाल हसून राहिला अन् मी त्याच्या पाठीत गुद्दे घालून राहिली. पण खरं सांगते, हसू मलेही आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

पिंकीनं नाक दाबलं. मंग एक पुरा फ्रीजर खाली केला, केसर पिस्त्याचे डबे दुसरीकडे हलवले, अन् झाकणावर कागद चिकटवला: "हात लावू नये, आजी आहे."

सिंधू


२ ऑक्टोबर

मोनाली,

इथं युद्ध सुरू आहे.

मनोहरराव आले होते. कमिटीचे अध्यक्ष, तुले माहीत आहे आवाज कसा आहे त्यांचा, माइक नसला तरी माइक असल्यासारखे बोलतात. हातात ब्लीचची बाटली. म्हणते, "सिंधूताई, विजयादशमी चोवीसले आहे. लुगडं काचेत लागलं पायजे अन् पांढरं लागलं पायजे. ते फ्रीजर-बिजर लाड बंद करा." मी म्हटलं, मोनालीनं सांगतलं आहे, ब्लीच लागलं तर सूत विरून जाईन. तर म्हणते, "त्या पोरीचं नाव काढू नका. जिनं पदर कापून नेला ती आता आपल्याले शिकवीन?"

मी चहाचं आधण ठेवायले उठली. त्या पदराचं मी पुढं कधी लिहीन. आज नाही.

अन् एक गोष्ट तुले खरी सांगते. मलेही ते पांढरंच पायजे. तू म्हणली डाग पुरा जाणार नाही, फिकट मातकट रंग राहीन, अन् तेवढ्यावर थांबायचं. मातकट लुगडं काचेत लावून मी वस्तीले काय तोंड दाखवू? लोक म्हणतीन, सिंधूचे हात गेले.

तरीही ब्लीचची बाटली मी ठेवून घेतली अन् मनोहररावले चहा पाजून पाठवलं. बाटली मोरीत आहे. मोरी चकाचक झाली.

आता तुह्या पाण्याचं. क्षार नसलेलं पाणी पायजे, नळाचं नाही, पिण्याच्या कॅनचंही नाही, निदान शेवटच्या दोन पाण्यांले. ते कुठून आणू, मी डोकं धरून बसली, तर संघपाल म्हणते, "काकू, बॅटरीचं पाणी!" इन्व्हर्टरमध्ये टाकतात ते. कंपनीत त्याचं कामच ते आहे. मी तुले विचारायले लावलं अन् तू म्हणली का चालीन, उत्तम चालीन. मंग काय. वस्तीत अर्ध्या घरांचे इन्व्हर्टर पुरात मेले, पण पाण्याचे कॅन माळ्यावर शाबूत. संघपालनं दवंडी दिली तशी माणसं एकेक कॅन घेऊन यायले लागली. विहाराच्या पायरीवर एक्केचाळीस कॅन उभे आहे. ज्या बायांच्या घरची चूल अजून वाळली नाही त्याही आल्या. मनोहररावच्या सुनेनंही आणला, पदराखाली लपवून.

चौथ्या तारखेले धुतो. मले लग्नघरासारखं वाटून राहिलं.

सिंधू


४ ऑक्टोबर

मोनाली, मोनाली, मोनाली.

बस, आधी ऐक. नाही, आधी क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशीन आत्या मधूनच सुरू करते.

लुगडं काल पिंकीकडून आणलं, फरशीवर सावलीत बर्फ सुटू दिला. आज सकाळी विहारात ताडपत्रीची उथळ टाकी केली, विटा लावून. मच्छरदाणीची जाळी खाली, तिच्यावर लुगडं, तिच्यावर अजून जाळी, तू म्हणली तसं सँडविच. चार बायांनी चार कोपरे धरले. पहिलं पाणी सोडलं तर कोऱ्या चहासारखं झालं. काढलं, दुसरं सोडलं. तिसऱ्याले फिक्का चहा. अन् मी काठाले बसून होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हो, मांडीखाली. नाहीतर ते आपोआप घासायले गेले असते. चौतीस वर्षांची सवय आहे, हाताले अक्कल नसते.

स्पंजानं फक्त वरून थोपटायचं, असं तू सांगतलं. मी थोपटलं. आयुष्यात कपड्याले इतकं हळू हात लावला नाही मी, तुले न्हाऊ घालतानीही नाही.

पाचव्या पाण्याले बॅटरीचे कॅन उघडले. पाणी स्वच्छ राहिलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. अन् मी खालचा काठ पाहून राहिली होती. त्या काठाले आईच्या हातची दुमड आहे, बोटभर आत घेऊन बारीक टाके घातलेली. मी कधी उसवली नाही, शिवण पक्की होती अन् आईची होती. ती पुराच्या पाण्यात कुजली असन. एका जाग्यावर वीतभर सुटली अन् पाण्यात आपोआप उघडली.

आत हिरवं आहे.

हिरवं, मोनाली. पोपटाच्या पाठीसारखं. अन् अगदी कडेले लाल सुताच्या दोन रेघा. मले वाटलं नाल्याचं शेवाळ. बोट लावलं, जाईना. संघपालले हाक मारली, त्यानं टॉर्च धरली, तरीही हिरवंच. बायांनी कोपरे सोडले असते, मी ओरडली, धरून ठेवा गं.

संघपालनं फोटो पाठवले आहे, सतरा फोटो. पाहा अन् लवकर सांग. आईनं हिरव्या कपड्याची पट्टी लावली का? काहून लावली? लुगडं आता खाटेवर जाळीवर पसरलं आहे, पंखा भिंतीकडे तोंड करून लावला, तू सांगतलं तसाच. मी बाजूले बसली आहे. जेवली नाही, भूकच नाही. आनंद आहे का काय आहे ते समजून नाही राहिलं.

सिंधू


७ ऑक्टोबर

मोनाली,

तुहा मेसेज मी ऐकला. मी स्वतः ऐकला. संघपालकडून मोबाईल हिसकून कानाले लावला. दोन वर्षांनी तुहा आवाज कानाजवळ. सर्दी झाली आहे का तुले?

तू म्हणली ती पट्टी नाही, सूत एकच आहे, वीणही एकच. पुरं लुगडंच हिरवं होतं. लाल काठाचं हिरवं. काठाचा रंग पक्का असन, निघाला नाही, म्हणून काठ फाडून टाकला अन् कडा आत दुमडली. बाकीचं उकळून उकळून पांढरं केलं. दुमडीच्या आत सोड्याचं पाणी पुरं पोचलं नाही, तेवढा रंग राहिला.

ऐकल्यावर मी ओट्यावर बसली अन् माह्या हाताकडे पाहत राहिली.

आई दर वर्षी सांगायची, दीक्षेच्या वक्ती हात जोडले तर तळहात झोंबत होते. इतके झोंबत होते का डोळ्यात पाणी आलं अन् बाजूची बाई म्हणली, रडू नको बाई, आज आनंदाचा दिवस आहे. आम्ही हसायचो. मले वाटे वावरातल्या कामानं सोलले असतीन. विचारलं तर म्हणे, "काम केलं होतं." लुगडं कुठून घेतलं विचारलं तर म्हणे, "बजारातून नाही घेतलं." बस.

मी लॉन्ड्रीत लागली त्या पहिल्या महिन्यात माहे तळहात सोड्यानं सोलले होते. घरी आली तर आईनं हात हातात घेतले, खोबऱ्याचं तेल लावलं, अन् म्हणली, "मले माहीत आहे हे कसं झोंबते." मी म्हटलं तुले काय माहीत. ती तेल चोळत राहिली.

तिच्यापाशी धडाचं एकच लुगडं असन, मोनाली. लग्नातलं हिरवं. पांढरं नेसून या म्हटलं तर नवीन कुठून आणते? तिनं ते सोड्यात उकळलं, काठ फाडला, पांढरं केलं, नेसली अन् गेली. अन् मले कधी सांगतलं नाही. मी तिच्या पोटात होती अन् मले माहीत नाही.

मी खूप रडली. अन् मंग उठून नाचावं असं वाटलं. खोटं नाही सांगत.

मनोहरराव आले, त्यांनी दुमड पाह्यली, तोंड उतरलं. म्हणते, "शिवून टाका. लोक म्हणतीन दीक्षेचं लुगडं पांढरं नव्हतंच. आपल्या वस्तीची लाज जाईन." मी म्हटलं, लाज कशाची? पांढरं नव्हतं, म्हणून तर तिनं पांढरं केलं. ते म्हणते कमिटी ठरवीन. कमिटी म्हणजे ते अन् त्यांचा आवाज.

आता पदराचं. आज लिहिलं नाही तर कधीच लिहून होणार नाही.

पदर तू कापला नाही. मी फाडला. दोन वर्षांआधी, टबात. सोडा जास्त पडला, मी पिळलं अन् हातात चर्र आवाज आला. येवढा तुकडा आला. मी तो चुलीत टाकला अन् फाटकी कड आत दुमडून ठेवली. दुसऱ्या दिवशी तू आली, दिवसभर लुगडं तपासलं, फोटो काढले. संध्याकाळी मनोहररावनं उघडलं अन् म्हटलं, दिल्लीवाल्या पोरीनं नमुना कापून नेला. तू माह्याकडे पाह्यलं. म्हणली, "आत्या, तू सांग." अन् मी फरशीकडे पाह्यलं.

मंग तू ते मारून टाकल्याचं बोलली, अन् मी तेच धरून बसली. दोन वर्षं सगळ्यांले सांगत फिरली, पोरीनं माहा अपमान केला. बोलायची हिंमत नव्हती, तर अबोला धरला. तुही आई गेल्यापासून तुले मीच वाढवली, अन् लोकांले तुले चोर म्हणू मीच दिलं.

माफ कर असं लिहिणार नाही. आधी जिथं तोंड बंद ठेवलं तिथं उघडते, मंग मागीन. सही काय करू ते समजत नाही.


२४ ऑक्टोबर, विजयादशमी

मोनाली,

झालं. सगळं झालं. बस अन् वाच.

लुगडं काचेत लागलं. पांढरं नाही. ताकाच्या निवळीसारखा रंग आहे, अन् एका जाग्यावर पुराचा डाग आहे तो आहेच. घडी नाही केली, मांजरपाट गुंडाळलेल्या पाइपावर गुंडाळून खालचा काठ मोकळा सोडला, वीतभर हिरवा दिसते तसा. मनोहररावनं सकाळी येऊन पाह्यलं, "सुई आणा," म्हणले. मी म्हटलं सुई माह्या ब्लाउजले आहे, घ्यायची तर घ्या. ते बाहेर निघून गेले.

वंदना झाली, भाषणं झाली. पुरातून वाचवलं म्हणून मले माइकवर बोलावलं. मी म्हटलं, आधी एक कबुली आहे. या लुगड्याचा पदर माह्या भाचीनं कापला नाही. मी फाडला, अन् दोन वर्षं गप बसली. मंग मी आईच्या हातांचं सांगतलं. हिरव्याचं सांगतलं. सोड्याचं सांगतलं. म्हटलं, मी दर वर्षी सोडा अन् नीळ देत होती कारण मले वाटे पांढरेपणा माहा आहे. तो माह्या आईचा आहे, तिनं तो एकदा कमावला, मी तो दर वर्षी घासून कमी केला. आजपासून मी याले पाणी लावणार नाही.

खाली उतरली तर बाया काचेभोवती. वाकून वाकून हिरवं पाहून राहिल्या. कोणी टाळ्या नाही वाजवल्या. एक म्हातारी काचेले तळहात लावून उभी होती, मी विचारलं काय झालं, तर म्हणली, "माह्या सासूच्या लुगड्यालेही अशीच दुमड आहे वं." अन् घराकडे चालायले लागली. तिच्या मागं अजून दोघी.

अर्ध्या तासात विहारात चार लुगडे आले. पेट्यांतून, पोत्यांतून, देवळीतून. एका घरी तर गोधडीच्या आत शिवलेलं होतं. चारही लुगड्यांच्या खालच्या काठाले दुमड. आत काय आहे कोणाले माहीत नाही. पुऱ्या विहारात नुसता गलका, सगळ्याच एकदम बोलून राहिल्या, अन् जिच्या हातात कात्री दिसली तिच्यावर मी ओरडून राहिली. संघपालनं शेवटी दरवाजात उभं राहून कात्र्या जमा केल्या. नऊ निघाल्या.

सगळ्यात शेवटी मनोहरराव आले. खांद्याले पिशवी. आवाज नाहीच. माह्यापुढं बसले, पिशवीतून पिवळं पडलेलं लुगडं काढलं अन् म्हणले, "सिंधूताई, माह्या मायचं आहे. हे पाहा, दुमड. मी उसवू का?"

मी त्यांच्या हातातून ते घेतलं, चादरीवर ठेवलं अन् पुऱ्या विहाराले ऐकू जाईन असं म्हटलं, "एकही टाका कोणी उसवायचा नाही. माही पोरगी येऊन राहिली दिल्लीहून. ती सांगीन तसं होईन."

भाची नाही म्हटलं. पोरगी म्हटलं, अन् येऊन राहिली म्हटलं. तुले विचारलंही नव्हतं.

आता पाच लुगडे माह्या घरी खाटेवर चादरीखाली आहे, अन् मी सतरंजीवर. बाया येता-जाता खिडकीतून विचारून राहिल्या, कधी येते मोनाली. मनोहरराव तर आजच दोनदा येऊन गेले. मी सगळ्यांले ठणकावून सांगून राहिली, आली का दिसीनच.

माफी तू आली की समोर मागीन. पत्रात नाही मागत. तेवढं मले खोटं पाडू नको वं.

तुही आत्या